ट्रकमधल्या फ्रिजची चोरी

माझ्या नोकरीत दरोडे झाले, खून झाले, एकदा तर तलाठी कार्यालयाचं अख्खं कपाट पळवलं गेलं. त्यातल्या कितीतरी प्रकरणांचे तपशील आता पुसट झाले आहेत. पण एका ट्रकच्या कॅबिनमधून गेलेला फ्रिज मात्र अजून माझ्या मनातून जात नाही. मित्रमंडळींत हे सांगायला लागलो की आधी सगळे हसतात. ट्रकमध्ये फ्रिज कशाला, हा प्रश्न ठरलेला. त्या दिवशी मलाही तोच पडला होता.

तेव्हा मी केळापूर तालुक्यात, हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावरच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. कापसाची ती वाईट वर्षं. भाव पडलेला, कितीतरी जिनिंग अर्ध्या हंगामात बंद, आणि वरून गावोगाव लोडशेडिंग. लाइन आली की जो तो मोटर नाहीतर पिठाची गिरणी गाठायचा. ठाण्यातलं कामही उदास झालं होतं. आमच्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं अकस्मात मृत्यूची. पंचनामा करायचा, नातेवाइकांचे जबाब घ्यायचे आणि पुन्हा जीपमध्ये बसायचं. माणूस गेल्यानंतर पोचायचं, हेच आमचं काम होऊन बसलं होतं.

मे महिन्यातल्या एका भर दुपारी रुईच्या गाठींनी भरलेला एक ट्रक ठाण्याच्या आवारात येऊन थांबला. आधी एक बाई उतरली, मग ड्रायव्हर. दोघं नवराबायको, चाळिशीच्या पुढची, राळेगावकडची. ट्रक त्यांचा स्वतःचा होता. क्लीनर ठेवलेला नव्हता, ते काम बाईच करायच्या. दक्षिणेतल्या सूतगिरणीकडे माल घेऊन निघाले होते. केळापूरच्या देवीला नारळ फोडल्याशिवाय पुढे जायचं नाही हा त्यांचा नेम. दर्शन घेऊन, डबा खाऊन परत येतात तर कॅबिनमधला फ्रिज गायब.

ठाणे अंमलदाराने फिर्याद लिहायला पेन उचललं आणि मध्येच थांबून माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, उन्हाने ड्रायव्हरचं डोकं फिरलं असावं. मी त्याला लिहा म्हणालो आणि बाईंना खुर्ची दिली.

बाईंना काही वर्षांपूर्वी स्वादुपिंडाचा आजार झाला होता. तेव्हापासून इन्सुलिनचं इंजेक्शन घेतल्याशिवाय त्यांचा एकही दिवस जात नव्हता. हे औषध थंड राहिलं तरच औषध, तापलं की नुसतं पाणी. गावात घरी फ्रिज होता, पण लाइनच नसल्यावर फ्रिज काय आणि कपाट काय. एका उन्हाळ्यात औषध खराब झालं, ते कळलं नाही, आणि बाई बेशुद्ध पडल्या. नवरा तेव्हा ट्रक घेऊन परराज्यात. शेजाऱ्यांनी यवतमाळला नेलं म्हणून वाचल्या. त्यानंतर ड्रायव्हरने हैदराबादेत जुन्या सामानाच्या बाजारातून लसींच्या गाडीतून निघालेला एक छोटा फ्रिज शोधून काढला. पेटीसारखा, वरून झाकण उघडणारा, थेट बॅटरीवर चालणारा. तो ट्रकमध्ये बसवला आणि फ्रिजबरोबर बायकोलाही ट्रकमध्ये बसवलं.

"घरी मी एकटी, अन् लाइनीचा भरवसा नाई," बाई म्हणाल्या. "गाडीवर माही दवाई थंडी राह्यते अन् माणूसही जवळ राह्यते. तो फ्रिज नाई भेटला साहेब, तं मले यवतमाळले दवाखान्याजवळ खोली करून राहा लागन, नाईतं याईले गाडी सोडा लागन."

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. त्यांचा नवरा मात्र भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्या क्षणी मला हा गुन्हा फार आवडला, असं म्हटलं तर वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. पण खरं तेच आहे. कितीतरी दिवसांनी एखादं प्रकरण माणूस जिवंत असताना माझ्या टेबलावर आलं होतं, आणि धावपळ केली तर काही वाचणार होतं.

पहिली धावपळ औषधाची. चोराने फ्रिज नेला तेव्हा बाईंच्या पुढच्या कितीतरी दिवसांच्या बाटल्या त्यातच होत्या. ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एक बाटली दिली आणि वाळू भरलेल्या ओल्या माठात ती ठेवायची युक्तीही सांगितली. काही दिवस भागेल, पण या उन्हात असं कायमचं जमायचं नाही, हेही बजावलं. ट्रक आवारातल्या कडुलिंबाखाली लावला, माठ त्याच्या सावलीत ठेवला, आणि बाईंनी तिथंच स्टोव्ह मांडला. आमच्या एका हवालदाराला दुसऱ्या दिवसापासून तिथला चहा ठाण्याच्या चहापेक्षा बरा वाटू लागला.

मग मी कॅबिनमध्ये चढलो. पंचनामा हवालदाराकडून लिहून घेण्याची माझी सवय होती, पण पाहायचं मात्र मीच पाहायचो. फ्रिज कसा बसवला होता ते ड्रायव्हरने दाखवलं. झोपायच्या फळीखाली एक जाड सागवानी पाट, तो कॅबिनच्या तळाला बोल्टने आवळलेला. पाटावर जुन्या ट्यूबचे रबरी तुकडे, म्हणजे खड्ड्यांचे हिसके फ्रिजला बसणार नाहीत. फ्रिजचे पाय पाटाला बोल्टने धरलेले, वरून पट्टा. मागे हातभर मोकळी जागा, कारण फ्रिज आतून जितका थंड करतो तितकी गरम हवा मागे टाकतो. ती कोंडली की थंडावा संपला. वायर जाड, मध्ये फ्यूज, आणि फ्रिजसाठी वेगळी बॅटरी, म्हणजे रात्रभर फ्रिज चालला तरी सकाळी गाडी सुरू होणार. थंडी कमीजास्त करायच्या बटणावर बाईंनी नेलपॉलिशची खूण केली होती. औषध तापून बिघडतं तसं गोठूनही बिघडतं, म्हणून खुणेच्या पुढे बटण फिरवायला नवऱ्यालाही बंदी होती.

आता तिथं फक्त पाट उरला होता. बोल्ट काढलेले, पट्टा गुंडाळून ठेवलेला. मला दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे बॅटरी जागच्या जागी होती. महामार्गावरचा चोर आधी बॅटरी उचलतो, मग डिझेल, आणि वेळ उरला तर ताडपत्री. हा बॅटरी सोडून गेला होता. म्हणजे याला बॅटऱ्यांची कमी नाही. दुसरी गोष्ट त्याहून गमतीची. फ्यूज आधी काढून बाजूला ठेवला होता, आणि कापलेल्या वायरीच्या दोन्ही टोकांना काळा टेप वेगवेगळा गुंडाळला होता. टोकं एकमेकांना लागून ठिणगी पडू नये म्हणून. रुईने भरलेल्या ट्रकची काळजी चोराने घेतली होती. आणि टेपचं शेवटचं टोक थोडंसं दुमडून ठेवलं होतं, पुढच्या वेळी सोडवताना नखात यावं म्हणून.

मी हवालदाराला म्हणालो, हा चोर पुढच्या माणसाची सोय पाहणारा दिसतो. हवालदाराला ते पटलं नाही. त्याच्या मते चोर म्हणजे चोर, आणि टेप म्हणजे टेप.

फ्रिज कोणाकोणाला माहीत होता, हे विचारून उपयोग नव्हता. ढाब्यावर गाडी थांबली की लोक फ्रिज पाहायला जमायचे आणि ड्रायव्हर हौसेने दाखवायचा. म्हणजे नागपूरपासून हैदराबादेपर्यंत सगळाच रस्ता संशयित. खबऱ्यांना निरोप गेले. दुसऱ्याच दिवशी एका पानठेलेवाल्याने खबर दिली की बसस्टँडवरचा एक सरबतवाला लाइन नसतानाही बर्फासारखं थंड पाणी विकून राह्यला. आमचा हवालदार हौसेने निघाला, मीही गेलो. हातगाडीखाली पोत्यात झाकलेली मोठी पेटी होती. उघडली तर आत भुसा, आणि भुशात बर्फाची लादी. सरबतवाल्याने आम्हाला लिंबूपाणी पाजलं आणि पोलीस एवढ्या तहानेने का आलेत हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

खरी खबर कोणा खबऱ्याने दिलीच नाही, ती एका औषध दुकानदाराने दिली. त्याला डॉक्टरांकडून आमच्या चौकशीचं कळलं होतं. तो संध्याकाळी स्वतःहून आला आणि म्हणाला की चोरीच्या संध्याकाळीच एक माणूस त्याच्याकडे औषधाच्या खोक्याचं फाडलेलं झाकण घेऊन आला होता. हे कशाचं औषध, असं विचारत होता. दुकानदाराने सांगितलं, साखरेच्या आजाराचं इंजेक्शन आहे, थंडीत ठेवावं लागतं. मग त्या माणसाने विचारलं की ज्याचं औषध आहे त्याला ते मिळालं नाही तर काय होईल. दुकानदार म्हणाला, जीवही जाऊ शकतो. तो माणूस झाकण खिशात घालून निघून गेला.

चेहरा दुकानदाराने पाहिलाच नव्हता. मे महिन्यात आमच्याकडे अर्धं गाव तोंडाला दुपट्टा बांधूनच फिरतं. हात मात्र त्याने पाहिले होते. नखांत काळं ग्रीस होतं. म्हणजे गॅरेज, पंक्चर, वेल्डिंग किंवा बॅटरीचं दुकान. ही सगळी दुकानं महामार्गाच्या कडेला ओळीने होती आणि सगळ्यांची नखं काळीच होती.

पण मला आता धीर आला होता. औषध जिवंत आहे, असं का कोण जाणे मला वाटू लागलं. चोरलेल्या मालातल्या औषधाची चौकशी करत दुकानात जाणारा चोर ते उकिरड्यावर फेकून देणार नाही. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, "मंग तो माणूस झोपला नसन साहेब."

उलगडा झाला तो आमच्याच जीपमुळे. हॉर्न बंद पडला होता. आमचा ड्रायव्हर शिपाई बॉनेट उघडून वायरी चाचपत होता आणि मी बाजूला उभा राहून त्याच्यावर खेकसत होतो. त्याने हॉर्नच्या वायरीवरचा जुना टेप सोडवायला बोट लावलं. नख सहज अडकलं. टेपचं टोक दुमडलेलं होतं. मी त्याचा हात धरला. बाकीच्या वायरी पाहिल्या. वायरलेस सेटच्या जोडावर तसंच. दिव्याच्या जोडावर तसंच. ही वायरिंग कोणी केली, असं विचारलं. शिपायाने नाव सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. महामार्गावरचा एक बॅटरीवाला. आमच्या ठाण्याची जीप, तहसीलची जीप आणि रुग्णालयाची रुग्णवाहिका, तिन्ही तोच दुरुस्त करायचा. पोलिसांच्या गाडीचा डॉक्टरच आमचा आरोपी निघाला होता.

तरी एका टेपच्या टोकावरून माणसाला गुन्हेगार ठरवता येत नाही. मी त्याला हॉर्न दुरुस्त करायच्या निमित्ताने बोलावलं. पस्तिशीचा, सडपातळ, डोळे लाल. आवारात कडुलिंबाखाली तो ट्रक उभा होता आणि बाई स्टोव्हपाशी बसल्या होत्या. त्याने तिकडे एकदा पाहिलं आणि नंतर मान वर केली नाही. हॉर्नचा जोड त्याने दोन मिनिटांत नीट केला, टेप गुंडाळला आणि नकळत टोक दुमडलं. मग त्यानेच ते टोक पाहिलं, आणि मी पाहतोय हेही पाहिलं.

त्याला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. वर्षानुवर्षांच्या चौकशांतून मी एक शिकलो होतो. माणूस ज्या प्रश्नाची तयारी करून आलेला असतो तो प्रश्न पहिल्यांदा विचारू नये. फ्रिज तू चोरलास का, हे त्याने मनात शंभर वेळा ऐकलेलं असणार. मी विचारलं, "औषध थंड आहे ना?"

"आहे साहेब. एक घडीभरही बंद नाई पडू देल्ला. बॅटऱ्या बदलून राह्यलो."

मग सगळं बाहेर आलं. ट्रक मागच्या फेरीत त्याच्याकडे दिव्याच्या कामाला आला होता, तेव्हा त्याने फ्रिज पाहिला. धंदा बसला होता. जिनिंग बंद म्हणजे ट्रक कमी, ट्रक कमी म्हणजे दिवसभर दुकानात माश्या मारायच्या. लोडशेडिंगच्या दिवसांत बॅटरीवर चालणारा फ्रिज आपण बनवायचा, ट्रकमध्ये, रुग्णवाहिकेत, गावातल्या दुकानांत बसवायचा, असं त्याच्या डोक्यात शिरलं. पण आत काय आहे हे उघडून पाहिल्याशिवाय बनवायचा कसा? मागितला असता तर कोणी दिला असता? केळापूरला तो ट्रक उभा दिसला, दाराचं लॉक नावालाच होतं, आणि त्याची बुद्धी फिरली. आत लिंबं-बिंबं असतील असं त्याला वाटलं होतं. घरी झाकण उघडलं तर औषधाच्या बाटल्या.

"खोलाले आनला होता," तो म्हणाला, "पन एक स्क्रू नाई फिरवला. खोलाचा म्हंजे बंद करा लागते. बंद केला तं ते बाईची दवाई जाते."

परत का नाही केलास, असं विचारलं. तो म्हणाला की तो केळापूरला जाऊन आला, तर ट्रक तिथं नव्हता. ट्रक ठाण्याच्या आवारात होता. फ्रिज परत करायचा तर पोलीस ठाण्यातच आणून ठेवावा लागला असता. आमचा हवालदार गंभीर चेहऱ्याने उभा होता, तो हसू दाबायला खोलीबाहेर गेला.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, माल दाखवून दिला तर तेवढा भाग चालतो. म्हणून दोन पंच बोलावले, निवेदन पंचनामा केला आणि त्याच्या घरी गेलो. मागच्या खोलीत फ्रिज होता. फरशीवर नाही, त्यानेही फळी ठेवली होती. मागे हवा जायला जागा सोडली होती. शेजारी बॅटऱ्यांची रांग, लाइन आली की भरायच्या आणि आळीपाळीने जोडायच्या. त्याच्या बायकोला त्याने खरं सांगितलं नव्हतं, पण ती बिचारी रांगेतली कुठली बॅटरी उतरली यावर लक्ष ठेवून होती. मी झाकण उघडलं. हाताला गार हवा लागली. बाटल्या सरळ उभ्या होत्या. बटण नेलपॉलिशच्या खुणेवरच होतं. मला गहिवरून आलं, आणि ते पंचांना दिसू नये म्हणून मी उगीचच त्यांच्यावर सह्यांसाठी ओरडलो.

पुढे नवाच पेच. मुद्देमाल जप्त करून सील लावून मालखान्यात ठेवायचा, हा नियम. आमच्या मालखान्यात दिवाही धड लागत नव्हता. सील लावलं की फ्रिज बंद, आणि चोराने जे सांभाळलं ते पोलिसांनी घालवलं असं झालं असतं. मी जप्ती पंचनाम्यात फ्रिज चालू स्थितीत आहे आणि औषधासाठी चालू ठेवणं आवश्यक आहे असं लिहिलं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं, आणि फ्रिज आमच्या जीपच्या बॅटरीला जोडून तसाच न्यायालयात नेला. जोड आरोपीनेच करून दिला, दुसरं कोणाला जमत नव्हतं. न्यायाधीश साहेबांनी खाली येऊन झाकण उघडून पाहिलं आणि त्याच दिवशी सुपूर्दनाम्यावर फ्रिज फिर्यादीला द्यायचा आदेश केला. आरोपीला जामीनही झाला. पुढे त्याने गुन्हा कबूल केला आणि चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर त्याची सुटका झाली.

फ्रिज आवारात आला तेव्हा ड्रायव्हर पाना घेऊन कॅबिनमध्ये चढायला निघाला. बाईंनी त्याला थांबवलं. बॅटरीवाला जामिनाच्या कागदावर सही करायला आला होता, फाटकाशी अंग चोरून उभा होता. बाईंनी त्याला हाक मारली. मला वाटलं, आता बाई त्याचा उद्धार करणार, आणि खरं सांगायचं तर मी अडवणारही नव्हतो.

"तुमी काढला, तुमीच बसवा भाऊ," त्या म्हणाल्या. "याईले बोल्ट आवळता येत नाई बरोबर. खड्ड्यात खडखड वाजते."

ड्रायव्हरला ते आवडलं नाही. पण फ्रिज बसवायच्या कामात त्याच्या मताला कधी किंमत होती असं दिसलं नाही. बॅटरीवाला कॅबिनमध्ये शिरला. त्याने दुकानातून नवं रबर आणलं, वायर बदलली, फ्यूज तपासला. बराच वेळ आत तो आणि ड्रायव्हर काहीतरी बोलत होते. बाहेर आले तेव्हा ड्रायव्हर त्याला सांगत होता की हैदराबादेत त्या बाजारात असे दोन बंद पडलेले फ्रिज पडून आहेत, पुढच्या फेरीत आणून देतो, ते खोलून पाहा. बॅटरीवाला डोळे पुसत मान हलवत होता. ते फ्रिज आले की नाही ते मी पाहिलं नाही, माझी बदली झाली. पण नंतर त्या रस्त्याने जाताना त्याच्या दुकानावर नवी पाटी पाहिली. तिच्यावर बॅटरीच्या खाली फ्रिजचंही चित्र होतं.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. त्यानंतर कोणताही आरोपी समोर आला की त्याने काय केलं हे मी विचारायचोच, पण ते केल्यानंतर काय केलं हेही विचारू लागलो. हातून वाईट घडल्यानंतरच्या दिवसांत माणूस कसा वागला, यात तो पुढे कसा वागेल याचा बराच अंदाज येतो. काही वेळा मी फसलोही. तरी विचारणं सोडलं नाही, कारण ज्या वर्षांत माझ्या हाताशी फक्त गेलेल्या माणसांचे कागद येत होते, त्या वर्षांत एका चोराने कोणा अनोळखी बाईसाठी रात्रंदिवस बॅटऱ्या बदलल्या होत्या.

ट्रक निघायच्या आधी बाईंनी फ्रिजमधून बाटली काढली, फूटबोर्डवर बसून सगळ्यांसमोर इंजेक्शन घेतलं, बाटली परत ठेवली आणि वर चढून नवऱ्याशेजारी बसल्या. ट्रक फाटकातून हैदराबादच्या रस्त्याला लागला. मी आत आलो. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी उघडून बसला होता. त्याने विचारलं, काय नोंद करू साहेब?

मी सांगितलं, "लिहा. फिर्यादी आणि त्याची पत्नी, दोघेही, आपल्या ट्रकने पुढे रवाना."